भामाक्का, तू जागा सांगितली नाहीस

भामाक्का,

काल दुपारी तू आलीस. बालवाडीतली पोरं घरी गेली होती, मी सतरंजीवरच जरा आडवी झाले होते आणि दारातून ऊन आत आलं होतं. तू उंबऱ्याशी उकिडवी बसलीस, पदरानं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "झोपा, झोपा. मी बसती जरा." एवढंच. तू जाऊन नऊ दिवस झालेत हे मला माहीत होतं, स्वप्नातही माहीत होतं. तरी जुन्या सवयीनं मनात म्हटलं, आलीच आहे तर विचारून घ्यावं. आणि नेमकी तेव्हाच जाग आली. उंबऱ्यावर नुसतं ऊन होतं. जिवंतपणीही तू असंच करायचीस. मी तो प्रश्न काढला की तुला कुठली तरी शेळी सुटलेली दिसायची.

प्रश्न कोणता ते तुला सांगायला नको. पण उद्या कुणी हे वाचलं तर त्याला कळावं म्हणून लिहिते. सात वर्षांपूर्वी भादव्यात माझी पहिली मुलगी सहा दिवसांची होऊन गेली. तिला तुझ्या रानात पुरलं. नेमकं कुठे, ते तुला आणि माझ्या सासऱ्यांना, दोघांनाच ठाऊक होतं. सासरे दोन वर्षांनी गेले. मग राहिलीस तू एकटी, आणि तू सांगत नव्हतीस.

"तुझं रान" म्हटलेलं तुला आवडायचं नाही. "माझं कुठलं, गावाचं हाय," म्हणायचीस. पण सगळं गाव त्याला भामाचं रानच म्हणतं. पाझर तलाव झाला तेव्हा बौद्धवाड्याची ओढ्याकाठची पुरायची जागा पाण्याखाली गेली आणि तिच्या बदल्यात ग्रामपंचायतीनं माळावरची चार एकर पडीक दिली. मुरूम आणि तरवड. तिथून खर्ड्याचा किल्ला मात्र छान दिसतो, मेलेल्यांना बघायला बरा, असं लोक हसून म्हणायचे. तू हसली नाहीस. जागा मोकळी ठेवली तर दोन वर्षांत कुणाचं तरी औत तिच्यात शिरणार, हे तू आधीच ओळखलं होतंस. उभं पीक असलं की बांध कोरायला माणूस कचरतो. म्हणून पुरायचंही तिथंच आणि पेरायचंही तिथंच, असा तुझा हिशेब. तुमच्यातली जाणती माणसं भडकली. मानसाच्या अंगावर हुलगा पेरनार व्हय, असं तुला चावडीसमोर विचारलं. तू म्हणालीस, "मग काय फरशी घालायची? फरशीवर काय उगवतंय ते सांगा, ते पेरते."

तेव्हा मी या गावात नवी सून होते. तुला 'अहो भामाबाई' म्हणायचे आणि तू मला 'मास्तरीनबाई'. पुढे मी 'अगं अक्का'वर आले, तू मात्र 'तुमी' सोडलं नाहीस. किती वेळा सांगितलं, पोरी म्हण. तुझं आपलं चालूच.

रानाचे नियम तू कधी लिहू दिले नाहीस, पण ते सगळ्यांना पाठ होते. खड्डा छातीइतका. अंगावर जुनं सुती लुगडं किंवा धोतर, नायलॉन नाही, प्लास्टिक नाही. वर शेणखत आणि लिंबाचा पाला. उशाला एक झाड. दगड नाही, चौथरा नाही, नाव नाही. आणि मीठ नाही. या शेवटच्या नियमावर सगळ्यात जास्त भांडणं झाली. पुरताना खड्ड्यात खडेमीठ टाकायची रीत आमच्याकडेही होती आणि तुमच्याकडेही. मीठ टाकलं की कोल्हं-कुत्रं उकरत नाही, असं म्हणतात. तू म्हणायचीस, मिठानं माती मरते, आणि माती मेली तर आपन कुटं जायाचं?

त्या भादव्यातलं मला जे दिसतं ते मी पाहिलेलं नाही. मी बाजेवर होते, पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि अंगातून ताप वाहत होता. पण तू ते मला इतक्यांदा सांगितलंस की आता ते माझ्याच डोळ्यांपुढे चालतं. आमच्यात तान्हं लेकरू आपल्याच शेताच्या कोपऱ्यात पुरतात. पण आमचं रान काळ्या मातीचं, आठवडाभराच्या पावसानं चिखल झालेलं, खड्डा खणला की पाणी भरायचं. सासऱ्यांनी दोनदा खणलं. मग ते घोंगडीत लेकरू घेऊन माळाची चढण चढले आणि तुझ्या बांधाशी उभे राहिले. ज्या माणसानं तुला कधी अंगणाच्या पुढे येऊ दिलं नव्हतं तो माणूस म्हणाला, "भामे, लेकराला कोरडी जागा देशील का?"

"मी काय बोलनार," तू सांगायचीस. "म्हनलं, द्या हिकडं, भिजंल." आणि हात पुढे केलेस. माझ्या सासूबाई तुझ्या हातचं पाणी घेत नव्हत्या, पण त्यांची नात तू पोटाशी धरून नेलीस आणि कुणाचं काही बाटलं नाही. हे मी सासूबाईंना एकदा तोंडावर बोलले. त्या चुलीपुढे बसल्या होत्या, बसूनच राहिल्या.

सव्वा महिन्यानं मी उठले आणि पहिल्यांदा रानात आले. ऊन नुकतं वर आलं होतं, शाळू वीतभर होता, आणि त्यावरचं दव इतकं पांढरं की सगळं रान जमिनीपासून चार बोटं वर उचलल्यासारखं दिसत होतं. तू मला सीताफळीच्या ओळीशी नेलंस. चौदा रोपं. काहींखाली कोणी होतं, काही पुढे येणाऱ्यांसाठी लावून ठेवलेली.

"ह्या वळीत हाय," तू म्हणालीस.

"कोणतं?"

"वळच तुमची."

"अक्का, एक सांग. एक बोट दाखव फक्त."

"ती बगा शेळी सुटली."

त्या दिवशी मी तुझा राग केला. खोटं कशाला बोलू, पुढेही पुष्कळदा केला. तलावावरून घागर आणून मी चौदा रोपांना पाणी घातलं, दुसऱ्या दिवशीही घातलं, आणि महिन्याभरात मला असं वाटायला लागलं की तिसरं झाड माझ्याकडे बघतं. हसू नकोस. मी गेले की त्याची पानं हलायची. मी त्याला दोन ओंजळी जास्त घालायला लागले. त्याच्याशी बोलायला लागले, बालवाडीत कोण रडलं, कोणी शेंबडाचा हात माझ्या लुगड्याला पुसला, असलं काहीबाही. तू लांबून खुरपं थांबवून बघायचीस आणि मग खाली मान घालून भराभरा खुरपायचीस. मला वाटायचं, बरोब्बर ओळखलंय मी.

रान वाढलं ते असं डोळ्यांदेखत आणि तरी कसं ते सांगता येत नाही. माझ्या लेकीमागोमाग गावातली आणखी दोन-तीन तान्ही तिथं आली, कारण लेकरांच्या बाबतीत कोणी फार तोंड उघडत नाही. शिवराम नाना तर मी बाजेवर असतानाच गेले, त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं होतं की मला जाळू नका, या माळावर एक धड लाकूड उरलंय का! मग लिंगायत आळीतले म्हातारे वाणी आले, त्यांना त्यांच्या रीतीनं बसवून पुरलं. पेरणी सगळ्यांनी मिळून, खुरपणी सगळ्यांनी मिळून, आणि ज्या घरचं माणूस तिथं आहे त्या घरच्या बाया सुगीत एक दिवस आपण होऊन यायच्या. बौद्धवाड्यातली आणि मराठा आळीतली बाई एकाच वाफ्यात वाकलेली मी पहिल्यांदा तिथं पाहिली. पुढे रोजगार हमीवर खड्डे झाले, रोपांचा मांडव झाला, बियाण्याची खोली झाली. माझी बालवाडीची पोरं तिथं हुलगे मोजत आकडे शिकली. तालुक्याहून साहेब आले आणि त्यांनी 'सामूहिक शेती व दफनभूमी केंद्र' अशी पाटी लावली. तू ती वाचून घेतलीस माझ्याकडून आणि म्हणालीस, "लई लांब हाय. ह्याच्यावर दोडका चढंल." आणि खरंच चढवलास.

खर्ड्याच्या बाजारात पहिली सीताफळं नेली ती सकाळ आठवते? टोपलीला कोणी हात लावेना. मढ्यावरची फळं, अशी कुजबूज आमच्या आधीच तिथं पोचली होती. मी टोपली उचलून निघायच्या बेतात होते. तू मला खाली ओढलंस, एक फळ फोडलंस आणि रस्त्यात मांडी घालून खायला लागलीस. बिया एकेक करून तळहातावर थुंकत होतीस. समोरचा व्यापारी बघत राहिला. तू त्याला विचारलंस, "तुमच्या मळ्यात कदी कोन मेलंच न्हाई का, शेठ? कुनाच्या तरी आज्याची माती असंलच की!" मग एका म्हातारीनं दोन घेतली. दुपारपर्यंत टोपली रिकामी झाली. परतताना टेम्पोत तू माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलीस, आणि मला वाटलं, आता विचारलं तर झोपेत सांगेल. मी विचारलंही. तू घोरत होतीस, निदान तसं दाखवत होतीस.

आपलं खरं भांडण नकाशावरून झालं. मी बालवाडीच्या हजेरीपत्रकाच्या पाठीवर पेन्सिलीनं सगळं रान काढलं होतं. ओळी, झाडं, आकडे. तू फक्त नावं सांगायची, मी लिहायची. उद्या तू नसलीस तर कोणाला काय कळणार, असं मी म्हटलं आणि तो कागद तुझ्यापुढे धरला. तू तो घेतलास, उलटासुलटा बघितलास आणि चुलीत घातलास.

"अक्का!"

"नंबर दिला की वाटनी हुती, बाई. आज झाडाला नंबर, उद्या वळीला. परवा म्हनतील ही वळ आमची, ती वळ त्यांची. मग पानी वरनं घालायचं, शिवायचं न्हाई. समदं पुन्ना तसंच."

"आणि माझं काय? मी कुठे बसून रडू?"

तू चुलीतली राख खालीवर करत बसलीस. मी पंधरा दिवस रानात आले नाही. तुझं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, म्हणूनच जास्त राग आला. आणि अक्का, मी अजूनही म्हणते, तुझ्या त्या नियमापायी एखाद्या आईला तरी सवलत द्यायला हवी होती.

दिवाळीनंतर तू अंथरूण धरलंस. मी मऊ भात घेऊन यायचे, तू दोन घास घ्यायचीस आणि पुढचे दोन कोंबडीला टाकायचीस. शेवटच्या दिवशी सकाळी तू माझं मनगट धरलंस. तुझा हात नांगरटीतल्या ढेकळासारखा खरखरीत, पण हलका झालेला.

"मास्तरीनबाई, रागवू नगा."

मला वाटलं नकाशाचं बोलतेस. मी म्हटलं, "जाऊ दे गं, कागदच तो." तू मान हलवलीस. होय म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. दुपारी तू गेलीस.

तुला पोचवायला मी आले. सासूबाई दारात उभ्या होत्या, जाते म्हटल्यावर त्यांनीच माझ्या खांद्यावर शाल टाकली. तुझा लेक गौतम कुदळ घेऊन पुढे होता. सीताफळीच्या ओळीत, दहाव्या-अकराव्या झाडाच्या मध्ये, एक बाजेएवढी गवताची जागा आहे. तू तिथं बसून भाकरी खायचीस, म्हणून कोणी काही लावलं नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. पोरांनी तिथंच खणायला घेतलं तसा गौतम ओरडला. मी त्याच्या पाठीमागे उभी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

"मधी कुदळ लावू नका! आयनं सांगितलंय, गवताच्या उगवतीला खना. मधी मास्तरीनबाईचं लेकरू हाय."

अक्का, मग मला काही ऐकू आलं नाही. माणसं वाकत होती, माती वर येत होती, कोणीतरी त्रिशरण म्हणत होतं, ओठ हलताना दिसत होते. शाळूवरून वारा येत होता. मी त्या गवताकडे बघत होते. नुसतं हरळीचं गवत. सात वर्षं मी त्याला वळसा घालून तिसऱ्या झाडाकडे गेले होते.

बाकीचं गौतमनं परवा सांगितलं, टेम्पोच्या पायरीवर बसून. सासऱ्यांनी त्या दिवशी घोंगडीत लेकराबरोबर मिठाची पुरचुंडीही आणली होती. मीठ नाही, हे तू त्यांना सांगितलंस, त्यांनी हो म्हटलं. तू रोप आणायला बांधापलीकडे वळलीस आणि त्यांनी ती सगळीच्या सगळी खड्ड्यात ओतून वर माती लोटली. कोल्हं उकरील, एवढीच त्यांची भीती. नात होती ती त्यांची, त्यांना तरी कसा दोष देऊ?

"पयलं रोप मास्तरीनबाई उठायच्या आधी जळलं," असं तू गौतमला सांगितलं होतंस. मी उठायच्या आधी, म्हणजे बाजेवरून. म्हणजे मी त्या दवात पहिल्यांदा आले तेव्हा तिच्या उशाशी काहीच नव्हतं. तू दुसरं लावलंस, तेही मी यायच्या आधीच वाळलं. मग तू तिथली चिमूटभर माती जिभेला लावून बघितलीस आणि तुला कळलं. तू सासऱ्यांना गाठलंस. ते बांधावर बसून रडले आणि म्हणाले, सुनेला सांगू नको. तिला वाटंल, आपल्या लेकरावर गवतसुद्धा येत न्हाई.

"मग आय सांजच्याला, समदी गेल्यावर, पाटीनं माती काढायची वरची," गौतम म्हणाला. "थोडी थोडी. आनि तळ्यातला गाळ आनून टाकायची. लई वर्सं. आमी म्हनायचो, म्हातारीला काय खूळ लागलंय. गवत धरलं तवा घरी येऊन गुळाचा खडा दिला आमाला. कशाचा म्हनलं तर सांगंना."

मी त्याला तिसऱ्या झाडाचं विचारलं. तो जरा घुटमळला. "तिथं शिवराम नाना हाईत की, बाई."

शिवराम नाना! चौकात बसून तपकीर ओढणारे, माझ्या बालवाडीतल्या प्रत्येक पोराला शिव्या देणारे, मलाही एकदा 'ही कसली शाळा' म्हणणारे. त्यांच्याशी मी सात वर्षं गुजगोष्टी केल्या. दोन ओंजळी पाणी जास्त घातलं. आणि तू ते बघत होतीस, भराभरा खुरपत! मी पायरीवर बसल्या बसल्या हसायला लागले. गौतम घाबरला. मग मी रडले, तेव्हा त्याला जरा बरं वाटलं.

राग आला आहे, अक्का. मला सांगितलं असतंस तर मीही पाटी उचलली असती. तुझ्या जोडीनं गाळ आणला असता, गुळाचा खडा मीही खाल्ला असता. एका म्हाताऱ्याला दिलेल्या शब्दासाठी तू एका आईला सात वर्षं फिरवलंस, आणि तो म्हातारा तुला अंगणाच्या पुढे येऊ देत नव्हता. हे मला पटत नाही आणि पटणार नाही. आणि त्याच वेळी मला हेही दिसतं की त्या सात वर्षांतली एकेक दुपार तू तिच्या शेजारी बसून जेवलीस. मी जिथं जायला हवं होतं तिथं तू जात होतीस. माझ्या लेकीला एकटं पडू दिलं नाहीस. याचं मी काय करू? तुझ्या पाया पडायचं राहून गेलं, एवढं मात्र खरं.

काल संध्याकाळी, उजेड असतानाच, मी रानात जाऊन आले. तुझ्या अंगावरची माती अजून ओलसर आहे, गौतमनं लिंबाचं रोप लावलंय, जगेल असं दिसतं. मी गवतावर बसले. पहिल्यांदाच. कुठे बसू, कुठे नको, असं झालं. मग कडेला बसले, तुझ्या बाजूला.

आता एकच सांगायचं राहिलं. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. बाराव्या दिवशी बारसं करायचं होतं, माहेराहून पाळणा यायचा होता, आणि ती सहाव्या दिवशीच गेली. म्हणून सगळे तिला 'ते लेकरू' म्हणतात. तूही शेवटपर्यंत तसंच म्हणालीस. पण नाव मी ठरवलं होतं, ती पोटात असतानाच. तुझ्या रानात नाव चालत नाही हे मला माहीत आहे. मी पाटी लावणार नाही, दगड ठेवणार नाही, गौतमलाही सांगणार नाही. पण तू तिच्या उगवतीला आहेस, हाताच्या अंतरावर. कधी तिला हाक मारावीशी वाटली तर लेकरू म्हणू नकोस, अक्का. तिचं नाव कावेरी आहे.